क्रॅश हो, पण शेजारच्या युनिटमध्ये!

आरे कॉलनीत पत्ता विचारायची पद्धत उरलेल्या मुंबईपेक्षा वेगळी आहे. विंग, सोसायटी, लँडमार्क वगैरे सगळं नंतर. रिक्षात बसलात की पहिला प्रश्न येतो, 'कौनसा युनिट?' पाच नंबर, सात नंबर, बावीस नंबर... जो आकडा सांगाल तिकडे रिक्षा वळते. नवख्या माणसाला वाटतं, आत एखादी भलीमोठी फॅक्टरी आहे की काय!

ही युनिट्स म्हणजे म्हशींचे गोठे. मुंबईच्या दाट वस्तीतले तबेले बाहेर हलवायचे म्हणून १९४९ साली आरे दुग्ध वसाहत उभी राहिली. त्यामागे दारा खुरोडी या माणसाची मोठी मेहनत होती. १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना व्हर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासोबत मिळाला. साधारण १,२८७ हेक्टर जागा आणि तिच्यात विखुरलेली तीसेक युनिट्स. विखुरलेली हा शब्द महत्त्वाचा. सगळ्या म्हशी एकाच लांबलचक छपराखाली नाहीत. एका गोठ्यापासून दुसऱ्या गोठ्यापर्यंत मध्ये झाडं आहेत, रस्ता आहे, अंतर आहे. २०२२ मध्ये राज्यात लंपीची साथ आली तेव्हा गुरांचे डॉक्टर पहिली गोष्ट काय सांगत होते? आजारी जनावर आधी वेगळं बांधा. औषध, लस, पंचनामा सगळं त्यानंतर.

आता म्हणाल, आमच्या कॉलममध्ये या आठवड्यात म्हशी कशा काय शिरल्या? सांगते. आरेतून बाहेर पडून जेव्हीएलआर ओलांडलात की सीप्झ लागतं. तिथल्या काचेच्या बिल्डिंगांमध्ये हाच 'युनिट' शब्द दिवसातून शंभर वेळा ऐकू येतो. फक्त तिथे त्याच्यापुढे 'टेस्ट' लागतं. आणि गंमत म्हणजे, तिथल्या एका प्रकारच्या युनिट टेस्टला आरेच्या गोठ्यांचाच फंडा लागू पडतो.

बंद पडणं हीच ड्युटी

आम्हा मास कॉमवाल्यांना कोडमधलं फार कळत नाही. त्यामुळे आधी सोप्या भाषेत. युनिट टेस्ट म्हणजे प्रोग्रामचा एक छोटासा तुकडा घ्यायचा, त्याला प्रश्न विचारायचा आणि उत्तर बरोबर येतंय का बघायचं. दोन अधिक दोन किती? चार. हिरवा दिवा. पाच? लाल दिवा. मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये अशा हजारो टेस्ट्स असतात. कुणीही कोडला हात लावला की त्या सगळ्या एकापाठोपाठ एक धावतात.

इथवर सोपं आहे. पण काही तुकड्यांचं कामच मुळी बंद पडणं असतं. त्यांचं काय करायचं?

दचकू नका. अशा वस्तू तुमच्या आजूबाजूला ढीगभर आहेत. घरातल्या मीटरशेजारी ईएलसीबी नावाची डबी असते. करंट लीक झाला की ती घराची लाइट घालवते. तिने लाइट घालवली नाही तर गीझरला हात लावणाऱ्याचा जीव जाऊ शकतो. लोकलच्या मोटरमनसमोर डेड मॅन्स हँडल असतं. त्याला चक्कर येऊन हात सुटला की गाडीला ब्रेक लागतो. कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह वितळतो आणि त्या दिवशीचा वरणभात बोंबलतो, पण किचन जागेवर राहतं. या सगळ्यांचं यश म्हणजे वेळेवर बंद पडणं.

आता त्या ईएलसीबीकडे नीट बघा. तिच्यावर 'टी' लिहिलेलं एक बारकं बटण असतं. ते दाबलं की लाइट गेली पाहिजे. कंपनीने तुमच्यासाठी दिलेली ही क्रॅश टेस्टच आहे. लाइट गेली तर पास. दाबूनही पंखा निवांत फिरत राहिला तर नापास, लगेच इलेक्ट्रिशियनला बोलवा. आता खरं सांगा, भाड्याच्या फ्लॅटमध्ये शिफ्ट झाल्यावर हे बटण कुणी दाबून बघितलंय?

'सोमवारी बघू'

हे सगळं माझ्या डोक्यात शिरलं ते एका मैत्रिणीमुळे. ती सीप्झमधल्या एका कंपनीत टेस्टिंगला आहे. हल्ली ती मेट्रोने आरे जेव्हीएलआरला उतरते. मध्यंतरी एका संध्याकाळी छोटा काश्मीरजवळ आम्ही कटिंग मारत बसलो होतो. बाई जाम वैतागलेल्या होत्या.

तिची कंपनी एका पेमेंट वॉलेटचं सॉफ्टवेअर बनवते. त्यात एक कडक नियम होता. प्रत्येक व्यवहारानंतर जमा आणि नावे यांची बेरीज जुळलीच पाहिजे. जुळली नाही तर प्रोग्रामने त्याच क्षणी थांबायचं. माफी नाही, पुन्हा प्रयत्न नाही, सरळ ॲबॉर्ट. कारण हिशोब चुकलाय हे कळूनही गाडी पुढे रेटली तर ती चूक पुढच्या प्रत्येकाच्या खात्यात शिरते. शंभर जणांना पाच मिनिटं ॲप बंद दिसलेलं परवडतं. शंभर जणांच्या पासबुकात खोटे आकडे परवडत नाहीत.

तर टीममधल्या एका मुलाने साफसफाई करताना ते थांबणंच काढून टाकलं. त्याच्या जागी लॉगमध्ये एक ओळ लिहायची सोय केली आणि प्रोग्राम पुढे जाऊ दिला. हेतू चांगला होता, कस्टमरला ॲप बंद पडलेलं दिसू नये. सगळ्या टेस्ट्स हिरव्यागार! कारण 'थांबायला हवं तेव्हा थांबतो का' हे विचारणारी टेस्टच कुणी लिहिली नव्हती. रिलीजच्या दोन दिवस आधी कोड वाचताना मैत्रिणीच्या ते नजरेला पडलं.

"अगं मग लिहायची ना एक टेस्ट," मी म्हटलं.

"लिहिली ना! तीच तर भानगड झाली. टेस्ट चालवली आणि सगळंच झोपलं."

"सगळं म्हणजे?"

"सगळं म्हणजे सगळं. माझी टेस्ट मधे कुठेतरी होती. प्रोग्राम ॲबॉर्ट झाला, तो बरोबर टेस्ट घेणाऱ्यालाही घेऊन गेला. पुढच्या शेकडो टेस्ट्स धावल्याच नाहीत. रिपोर्ट कोरा. मॅनेजर म्हणाला, ती टेस्ट कमेंट करून टाक, सोमवारी बघू."

आयटीतल्या मंडळींना हे 'सोमवारी बघू' चांगलंच ओळखीचं असेल. असला सोमवार कुठल्याच कॅलेंडरमध्ये येत नाही.

फ्लॅट आणि रूममेट

हे असं का होतं? कारण परीक्षक आणि परीक्षार्थी दोघं एकाच प्रोसेसमध्ये राहत असतात. साध्या चुकीला प्रोग्राममध्ये 'एक्सेप्शन' म्हणतात आणि ते झेलता येतं. कुणीतरी खाली जाळी धरून उभा असतो. पण ॲबॉर्ट किंवा परक्या मेमरीत पाय घातल्यामुळे बसलेला सेगमेंटेशन फॉल्ट वेगळ्या जातीचा असतो. त्यात ऑपरेटिंग सिस्टिम अख्खी प्रोसेसच बंद करते. जाळी धरणाराही गेला, मग झेलणार कोण?

पीजीमध्ये राहणाऱ्यांसाठी उदाहरण देते. प्रोसेस म्हणजे स्वतंत्र फ्लॅट. स्वतःचं किचन, स्वतःचं मीटर. थ्रेड म्हणजे त्या फ्लॅटमधले रूममेट. सगळ्यांचा फ्रिज एक, बाथरूम एक. एकाने गॅस उघडा ठेवला तर सगळ्यांची वाट लागते. शेजारच्या फ्लॅटमध्ये तेच झालं तर तुम्ही निदान फायर ब्रिगेडला फोन तरी करू शकता.

मग इलाज सरळ आहे. स्फोट शेजारच्या फ्लॅटमध्ये घडवायचा. टेस्ट घेणारा प्रोग्राम आधी एक वेगळी प्रोसेस जन्माला घालतो. युनिक्समध्ये यासाठी 'फोर्क' नावाची जुनी सोय आहे. ती चालू प्रोसेसची हुबेहूब प्रत काढते. धोक्याचा कोड ती प्रत चालवते, मूळ प्रोसेस बाहेर हातात पेन घेऊन थांबते. आतली कोसळली की ऑपरेटिंग सिस्टिम बाहेरच्याला निरोप देते, गेली, आणि अशी अशी गेली. शून्य म्हणजे सुखरूप बाहेर पडली. लिनक्सवर सिग्नल ६ म्हणजे स्वतःहून ॲबॉर्ट केलं, ११ म्हणजे सेगमेंटेशन फॉल्ट. शेलमध्ये हेच आकडे १३४ आणि १३९ असे दिसतात, म्हणजे १२८ मध्ये सिग्नलचा नंबर मिळवलेला. पायथॉनमधून वेगळी प्रोसेस चालवली असेल तर उणे ६ आणि उणे ११. बाहेरचा परीक्षक आकडा वाचतो, 'अपेक्षेप्रमाणे कोसळली' असं लिहितो आणि पुढच्या टेस्टकडे वळतो.

सी प्लस प्लसवाल्यांकडे हे रेडिमेड मिळतं. गूगलने २००८ मध्ये आपली टेस्टिंगची लायब्ररी सगळ्यांसाठी खुली केली. तिच्यात या प्रकाराला चक्क 'डेथ टेस्ट' असं नाव आहे. मैत्रिणीने शुक्रवारची रात्र बसून हेच केलं. टेस्ट वेगळ्या प्रोसेसमध्ये टाकली, काढून टाकलेलं थांबणं परत बसवलं. रिलीज दोन दिवस उशिरा गेला.

कोसळला, पण कशामुळे?

इथे मला वाटलं, संपलं. मैत्रीण हसली. म्हणाली, खरी मजा इथून पुढे आहे.

पहिली गोम. प्रोग्राम कोसळला खरा, पण योग्य कारणाने कोसळला का? समजा तो हिशोबाच्या तपासणीपर्यंत पोचलाच नाही, आधीच कुठली तरी फाइल सापडली नाही म्हणून बंद पडला. टेस्ट म्हणेल, कोसळला ना, पास! म्हणजे ईएलसीबीचं बटण दाबलं आणि नेमकी त्याच क्षणी अख्ख्या एरियाची लाइट गेली. तुम्ही खूश, डबी बिघडलेलीच. म्हणून फक्त आकडा बघायचा नाही, शेवटचे शब्दही तपासायचे. जाताना प्रोग्रामने 'जमा-नावे जुळत नाही' असाच निरोप ठेवला का? डेथ टेस्टमध्ये तो मजकूर जुळवून बघायची सोय असते ती यासाठीच.

दुसरी गोम. कधीकधी कोसळायच्या ऐवजी तो नुसता लटकतो. जिवंतही नाही, गेलाही नाही. बाहेरचा बिचारा वाट बघत राहतो. म्हणून घड्याळ लावायचं. दहा सेकंदांत निकाल आला नाही तर आतल्याला बाहेर काढायचं आणि नापास लिहायचं.

तिसरी गोम सगळ्यात भारी. फोर्कने फ्लॅटची प्रत निघते, पण रूममेट्सपैकी ज्याने फोर्क केलं तो एकटाच नव्या फ्लॅटमध्ये येतो. बाकीचे येत नाहीत. आता समजा, प्रत काढताना दुसरा रूममेट बाथरूममध्ये होता. नव्या फ्लॅटमध्ये बाथरूमला आतून कडी, आणि आत कुणीच नाही! आता बसा दार वाजवत. प्रोग्रामच्या भाषेत याला अडकलेलं लॉक म्हणतात. यावर गूगलच्या लायब्ररीत दोन तोडगे आहेत. अशा टेस्ट्सच्या गटाच्या नावाच्या शेवटी 'डेथटेस्ट' लिहायचं, म्हणजे त्या सगळ्यात आधी धावतात. तोपर्यंत बाकीचे रूममेट सहसा राहायला आलेले नसतात. नाहीतर 'थ्रेडसेफ' पद्धत वापरायची. त्यात वेगळी प्रोसेस पहिल्यापासून नव्याने सुरू होते आणि तेवढी एकच टेस्ट चालवते. थोडं हळू होतं, पण खात्रीचं.

आणि शेवटचं, झाडलोट. कोसळणारा प्रोग्राम मागे कोअर फाइल आणि अर्धवट टेम्पररी फायली टाकून जातो. त्या आवरल्या नाहीत तर महिन्याभरात सर्व्हरची डिस्क भरते आणि मग खरंखुरं काहीतरी बंद पडतं.

भिंत असते तेव्हा, नसते तेव्हा

भिंत असली की काय होतं हे तुम्ही रोज बघता. आठवतंय, पूर्वी ब्राउजरमध्ये एक पेज अडकलं की सगळ्या खिडक्या एकदम गायब व्हायच्या? अर्धा लिहिलेला मेलही जायचा. सप्टेंबर २००८ मध्ये क्रोम आला तो प्रत्येक टॅबला जमेल तितकी वेगळी प्रोसेस देत. एका टॅबमध्ये 'ऑ, स्नॅप!' दिसतं, शेजारच्या टॅबमधलं गाणं चालूच राहतं. तीच आपली आरेची युनिट्स.

भिंत नसली तर? १९ जुलै २०२४. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे जगभरातले ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळे पडले. आपल्याकडे एअरपोर्टवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. कारण ऐकाल तर डोक्याला हात लावाल. प्रोग्रामची तयारी २० गोष्टी वाचायची होती, नव्या अपडेटमुळे तो २१ वी वाचायला गेला. असला पाय घसरणं वेगळ्या प्रोसेसमध्ये झालं असतं तर तेवढा एक प्रोग्राम बसला असता. पण हा कोड विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे बिल्डिंगच्या पायातच राहत होता. तिथे शेजारचा फ्लॅट नसतो. त्यामुळे अख्खी बिल्डिंग बसली.

आणि आपल्या मुंबईचं उदाहरण? बीकेसीचं. २४ फेब्रुवारी २०२१ ला सकाळी ११.४० वाजता नॅशनल स्टॉक एक्स्चेंजचे व्यवहार थांबले. टेलिकॉम लिंक्सचा घोळ झाला आणि जोखीम तपासणारी यंत्रणा बंद पडली. तपासणी बंद असताना सौदे चालू ठेवणं म्हणजे वॉलेटच्या त्या चुकलेल्या हिशोबासारखंच, म्हणून थांबणं भाग होतं. बाजार पुन्हा उघडला तो दुपारी ३.४५ ला, पाच वाजेपर्यंत. बीएसई मात्र दिवसभर चालू होतं. त्या दिवशी सगळे एकच विचारत होते, संकटासाठी दुसऱ्या शहरात पर्यायी केंद्र ठेवलंय, मग त्यावर का गेला नाहीत?

२ मार्च २०२४ हा शनिवार होता. एरवी बाजाराला सुट्टी. त्या दिवशी मुद्दाम बाजार उघडला. सकाळी ९.१५ ते १० मुख्य केंद्रावरून, मग ११.३० ते १२.३० पर्यायी केंद्रावरून. खरे सौदे, खरे पैसे, फक्त भावांच्या चढउताराला आवळून लगाम. १८ मे २०२४ च्या शनिवारी पुन्हा तेच. सुट्टीचा शनिवार हीच त्यांची वेगळी खोली. मुख्य केंद्र नसताना काय होतं ते तिथे बघून घ्यायचं, म्हणजे बुधवारी भर दुपारी बघायची पाळी येत नाही.

खुद्द आरेतही हे झालंय. मेट्रो तीनची पहिली ट्रायल रन ३० ऑगस्ट २०२२ ला इथल्या सारिपुत नगरला झाली. माझी मैत्रीण आणि तिच्यासारखे हजारो प्रवासी त्या गाडीत चढले ते ऑक्टोबर २०२४ मध्ये. दोन वर्षं गाड्यांनी जी काही परीक्षा दिली ती प्रवाशांशिवाय. (कारशेड आणि झाडांचा वाद हा मोठा आणि कडू विषय आहे, त्याला वेगळा कॉलम लागेल.)

हिरव्या दिव्यांचं प्रेम

मला या सगळ्यात एक गोष्ट फार खरी वाटते. आपल्या ऑफिसांमध्ये हिरव्या दिव्याचं कौतुक असतं. डॅशबोर्ड हिरवा, स्टेटस हिरवा, बॉस खूश. 'कशाने बंद पडायला हवं आणि ते पडतं का' हा प्रश्न मीटिंगमध्ये काढणारा माणूस निगेटिव्ह ठरतो. माझ्या मैत्रिणीच्या अप्रेझलमध्ये 'रिलीजला उशीर' अशी नोंद आली. दीड महिन्याने दुसऱ्याच एका बदलात तेच थांबणं पुन्हा निघालं आणि या वेळी तिच्या टेस्टने मिनिटभरात लाल दिवा लावला. त्याची नोंद कुठेच नाही. जो घोटाळा झालाच नाही त्याचं इन्क्रिमेंट कोण देणार?

तिला विचारलं, "मग पुन्हा अशी वेळ आली तर?"

"तर पुन्हा शुक्रवारची रात्र. पण पिझ्झा मॅनेजरच्या खर्चाने."

जाता जाता

कोड लिहिणाऱ्यांसाठी: तुमच्या प्रोग्रामने कुठल्या तीन प्रसंगी थांबलंच पाहिजे ते कागदावर लिहा. त्या तिन्हींची टेस्ट आहे का बघा. नसेल तर वेगळ्या प्रोसेसमध्ये लिहा, कारण तपासा, घड्याळ लावा. पण प्रत्येक फंक्शनला हे करत बसू नका. नवी प्रोसेस उभी करायला वेळ लागतो आणि आतमध्ये झालेले बदल बाहेरच्याला दिसत नाहीत.

टीम लीडसाठी: 'ती टेस्ट कमेंट कर' म्हणण्याआधी विचारा, ती नेमकं काय सांगतेय?

बाकी सगळ्यांसाठी: या रविवारी फ्रिज आणि कॉम्प्युटर बंद करा, घरच्यांना आधी सांगा आणि ईएलसीबीचं ते 'टी' बटण एकदा दाबा. लाइट गेली की समजा, डबी ड्युटीवर आहे.